मॅटप्लॉटलिबची समग्र आयडी मिळत नसल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
केळी रोग सर्वेक्षण कक्ष (अस्थायी), बुऱ्हाणपूर (म.प्र.)

विषय : आर-स्टुडिओत पायथनचा आलेख काढल्याचा खुलासा व सदर आलेख गुरुवारपूर्वी मोकळा करणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २ जून २०२५.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त गणित शिक्षक असून कक्षात मानधनावर आकडे मांडतो. कक्षाच्या संगणकावर आकडेमोडीच्या आर या संगणकभाषेचे आर-स्टुडिओ तेवढे आहे. अर्जदारास येते पायथन ही दुसरी संगणकभाषा, तीही सूनबाई प्रतिभा यांनी शिकवले म्हणून. दुसरे काही बसवायचे तर पासवर्ड लागतो, आणि तो ठाऊक असलेले गृहस्थ बदलीवर नेपानगरला गेले. सबब अर्जदाराने रेटिक्युलेट नावाचा पूल टाकून पायथनचे आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब आर-स्टुडिओत आणले. शाहपुरात केळीची पाने पिवळी पाडणारा हरण्या रोग तीन आठवडे चढतो आहे, हे लाल रेघेत स्वच्छ दिसले.

२. आपण पाहणीत विचारलेत, "हे आपल्याकडचं दिसत नाही. कुठलं?" अर्जदार उत्तरला, "पायथनकडचं आहे साहेब, आपल्याकडे बसून काम करतं." एवढ्यावर आस्थापना लिपिक श्री. चेतन यांनी मॅटप्लॉटलिबला प्रतिनियुक्तीवरील कर्मचारी धरून फाइल उघडली.

३. मूळ विभागाचे ना-हरकत पत्र, मूल निवासी (रहिवासी) प्रमाणपत्र व समग्र आयडी, म्हणजे राज्य शासनाचा कुटुंब-ओळख क्रमांक, मागण्यात आली. ते माणूस नसल्याचे अर्जदाराने सांगितले. त्यावर श्री. चेतन म्हणाले, "काका, माणूस नसेल तर स्टॉक रजिस्टरला चढवा. पण मग बिल द्या." ते फुकट मिळते म्हटल्यावर चेतनभाऊ खुर्ची सरकवून बसले व त्यांनी भेट स्वीकारल्याचा वेगळा खुलासा मागितला. मॅटप्लॉटलिब स्वतः नमपाय या पायथनच्याच आकडेमोडीच्या साधनावर अवलंबून आहे, हे अर्जदार भोळेपणाने बोलून गेला. आता नमपायचीही आयडी हवी आहे, आणि तोवर आलेख फाइलीत अडकला आहे.

४. अखेर तोडगा निघाला, की आलेख पडद्यावर कागद लावून हाताने गिरवावा. चेतनभाऊ म्हणाले, "रेघ आपल्या हातची झाली की कोण विचारतंय!" भांडारात लाल स्केचपेन नव्हते, हिरवे होते. गिरवलेल्या कागदावर हिरवी रेघ वर चढताना पाहून आपण "उत्तम प्रगती" असा शेरा मारलात आणि तो शाहपूरला रवाना केलात.

५. काल तेथील शेतकरी श्री. सुकलाल यांचा फोन आला. "काका, ग्राफ तर हिरवा हाय, मंग माझी बाग पिवळी काहून?" हिरव्या कागदाच्या भरवशावर त्याच रोगट बागांतले कंद नव्या लागवडीसाठी ठरले आहेत. गुरुवार दि. १२ च्या बैठकीनंतर ते शेतात पडतील, आणि मग रोग उपटता उपटता वर्ष जाईल.

६. सबब विनंती, की मूळ आलेख बैठकीत भिंतीवर लावावा. आयडी मागाहून मिळवता येईल. परक्या साधनास थारा दिल्याचा दोष सर्वस्वी अर्जदाराचा. त्यात प्रतिभा किंवा नमपाय यांना गोवू नये.

मॅटप्लॉटलिबचा स्थानिक जामीनदार,
आपला नम्र,
नंदकुमार वामन महाजन
बुऱ्हाणपूर, दि. ९ जून २०२५

सोबत :
(१) मूळ आलेख, लाल रेघेचा.
(२) अर्जदाराचा राजीनामा, सहीनिशी. तारीख मोकळी सोडली आहे. क्र. (१) भिंतीवर लागताच ती भरून घ्यावी.