सुती कापड, आतून शिवण नाही

चिमणीच्या आईस,

मी इथे खुशाल आहे. खोकला गेला, डबा वेळेवर येतो. चिमणी आता मान धरते का?

मी पाठवलेल्या त्या लेसच्या ब्रा ‘छान आहेत’ असं तू लिहिलंस. काल ताईचा फोन आला तेव्हा कळलं, की तुझ्या अंगावर पुरळ उठलंय आणि चिमणीला पाजायला घेताना तू डोळे घट्ट मिटतेस. मी खोक्यावरची चकाकी बघून घेतल्या गं. कापडाला हातसुद्धा लावला नव्हता.

आज पुन्हा दुकानात गेलो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, “पाजणारीला हव्यात ना? मग सुतीच घ्या. घाम, दूध, सगळं टिपतं.” पण वेल्डिंगनं माझे तळहात असे निबर झालेत, की मला सगळंच मऊ लागतं. तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “हात कसले लावताय, गालाला लावून बघा!” भर दुकानात लावलं. दाढी करून गेलो होतो, नशीब. कापड थोडं ताणतं, आतून शिवण नाही. रंग मात्र अगदीच फिका आहे.

खळ जावी म्हणून दोनदा धुऊन खोलीतल्या दोरीवर वाळत घातल्या. आमच्यातला रंगारी ओरडला, “काय रे, वहिनी आल्या की काय?” सगळे हसले, मीही हसलो. नंतर मात्र त्या दोरीकडे बघवेना.

या टोचल्या, तर मला ‘छान आहेत’ असं लिहू नकोस.

चिमणीनं अजून न पाहिलेला,
तिचा बाबा