पोटातलं पाणी

६ जानेवारी १९९७
करंजाड्याच्या फार्मवर कोंबड्या सांभाळणाऱ्या धनाजीने आज एक म्हातारी कोंबडी दाखवली. तीन वर्षांची. एवढ्या वयाच्या पंधराच राखल्यात, बाकीच्या दीड वर्षातच विकतात. पोट फुगलेलं, पाय फाकवून उभी. "म्याडम, अंडं अडकलंय जनू," म्हणाला. अंडं नव्हतं. हाताला पाणी लागलं.

७ जानेवारी
मेली. मीच उघडली. अंडाशयाचा पार फ्लॉवरचा गड्डा झालेला — आणि तिथून आतड्यांवर, लिव्हरवर, सगळीकडे पांढरे दाणे. कॅन्सर. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांना होतो, पोटभर पसरतो, बायकांसारखाच. व्हेटर्नरी कॉलेजात वाचलं होतं. डोळ्यांनी आज पाहिलं.
आईचं पोट असंच भरलं होतं. साताऱ्याला शेवटचे चार महिने अक्कानेच तिचं सगळं केलं. मी परीक्षा, परीक्षा करत राहिले. पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं. "आता कशाला आलीस?" अक्का एवढंच म्हणाली. त्याला सहा वर्षं झाली. ती नवऱ्याबरोबर मोऱ्याला, मी पनवेलला — मध्ये फक्त एक एस.टी.!

८ जानेवारी
अक्का माझी वेणी घालायची. इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. आज तसं कुणी डोक्याला हात लावावा असं फार वाटतंय.

१२ जानेवारी
मोऱ्याला जाऊन आले. रणजीतभावजी पोर्टात ड्युटीवर होते. अक्का दारातच उभी राहिली. केस किती पांढरे झालेत तिचे! काही सुचेना, म्हणून कोंबडीपासूनच सुरुवात केली. आईला होता, म्हणून तुलाही भीती आहे, सोनोग्राफी करून घे — एका दमात सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं.
"सहा वर्षांनी आलीस, तीही कोंबडीसाठी."
चहाचं विचारलं नाही. पाणी दिलं. तांब्या माझ्या हातात देताना तिची बोटं लागली. बसमध्ये तोच हात मांडीवर घेऊन बसले होते.

१९ जानेवारी
भावजींचा फोन. अक्काने सोनोग्राफी करून घेतली. काही नाही! फोन ठेवून रडले. डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणे, बहिणीची झाली का? अक्काने निरोप दिलाय, तिलाही करायला सांगा. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२७ जानेवारी
गाठ माझ्यात निघाली. डावीकडे. अजून लहान आहे, पण काढावी लागेल, डॉक्टर म्हणाले. भावजींना फोनवर कळवलं.
संध्याकाळी दार वाजलं. अक्का. हातात कपड्यांची बॅग.
"ऑपरेशन कधी ते सांग. ते होईस्तोवर मी इथून हलत नाही."