वाजत्या घंटेची अट

लिक फोर्क, हॅडन काउंटी
९ फेब्रुवारी १९९३

चि. आर्डिथ हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अ‍ॅक्रनला बर्फ गुडघाभर साचलं आणि लॉवेलरावांनी ते उपसताना कंबर धरली, हे वाचून तुझी वहिनी हसली आणि मग हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं. लसणीचं तेल चोळ म्हणते. इकडे डोंगरावरचा रस्ता दोन आठवडे नुसता निसरडा आहे. गिरणीत लाकूड येत नाही, त्यामुळे करवतींना धार लावायचं माझं कामही थंडच.

जुलैपासून मी शिक्षण मंडळावर बसतो आहे, हे तुला माहीत आहेच. मतं मला शहरातल्या त्या वकिलापेक्षा चारशेनं कमी होती. पण पाच सभासदांपैकी काउंटीच्या एका भागातून दोनच घ्यायचे असा नियम, म्हणून तो बाहेर राहिला आणि मी आत आलो. मंडळावरचा होबार्ट टील अजून मला ‘नियमानं आलेला पाहुणा’ म्हणतो.

आता मुद्द्याचं. अधीक्षक केसलरसाहेबांनी आपल्या फोर्कची शाळा बंद करायचा ठराव आणला आहे. शहराबाहेर हमरस्त्यालगत एक मोठी शाळा बांधायची. इमारतीचा पैसा राज्य देईल, पण लहान शाळा मोडल्या तरच. आपली एकसष्ट मुलं डोंगर ओलांडून जातील, एका बाजूला सत्तर मिनिटं, तीही रस्ता कोरडा असेल तर. आणि शाळांची जादा पट्टी दर वेळी मतदानात पास होते ती आपल्याच मतांवर. शहर नाही म्हणतं, फोर्क हो म्हणतो. पट्टी आपण लावून घ्यायची आणि शाळा जायची त्यांच्या दारात. २५ मार्चला मंडळ मत देणार आहे.

सोबत एक कागद आहे. नोटरीसमोर सही करून उलट टपाली पाठव. माझी सही झाली आहे. फार विचारू नकोस. मला हात स्वच्छ ठेवायचे आहेत, एवढंच समज.

मुलांना आशीर्वाद. भावावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
एल्वुड


अ‍ॅक्रन
१६ फेब्रुवारी १९९३

ती. एल्वुडदादास आर्डिथचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, कागदही मिळाला. पाकिटाची कड दोनदा चिकटवलेली दिसली. पोस्टातली मेव्हिस अजून वाफ देऊन पत्रं उघडते वाटतं? मेव्हिस, तू हे वाचत असशील तर तुलाही नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना आराम पडो.

दादा, तू कागदावर सही कर म्हणतोस आणि विचारू नकोस म्हणतोस. आईचं घड्याळ असंच गेलं होतं. दुरुस्तीला नेतो, विचारू नकोस. आज ते तुझ्या भिंतीवर टिकटिक करतं आहे.

मी तो कागद तीनदा वाचला, लॉवेलनं चारदा. ‘लिक फोर्क येथील दोन एकरांवरील आमचा वारसाहक्क आम्ही मंडळाच्या लाभात कायमचा सोडत आहोत.’ कुठले दोन एकर? बाबांचं घर-शेत माझ्या वाट्यासकट तुला देऊन मला अठरा वर्षं झाली. माझ्या नावावर तिथे थडग्याएवढी जागा उरली असेल असं मला वाटत नव्हतं, आणि तू म्हणतोस ती सोड! लॉवेल म्हणतो, ज्या कागदाची घाई असते तो दुसऱ्याच्या सोयीचा असतो. रबराच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं.

आणखी एक. हा कागद टाइप कुणी केला? तुझ्याकडे टाइपरायटर नाही आणि वहिनीला तर बटणसुद्धा दोन बोटांनी दाबता येत नाही.

रागावू नकोस. सही केलेली नाही. कागद पिठाच्या डब्याखाली आहे. खरं काय ते लिही, म्हणजे लोभ पूर्वीसारखाच राहील.

आर्डिथ


लिक फोर्क
२३ फेब्रुवारी १९९३

चि. आर्डिथ हिस आशीर्वाद.

घड्याळाचं तू काढणार हे मला ठाऊक होतं. ये आणि घेऊन जा. दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं.

लपवण्यासारखं काही नव्हतं, सांगायची लाज वाटत होती. शाळा उभी आहे ती जागा आपल्या आजोबांनी १९२१ साली मंडळाला दिली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अट कुणी सांगितली नव्हती. बक्षीसपत्रात लिहिलं आहे, की जोवर इथे मुलं शिकतात आणि शाळेची घंटा वाजते तोवर जमीन मंडळाची. घंटा थांबली, की जमीन आणि तिच्यावरचं सगळं बांधकाम आजोबांच्या वारसांचं. वारस म्हणजे आता तू आणि मी. सहा वर्षांपूर्वी बांधलेलं ते खेळाचं सभागृह, नवं स्वयंपाकघर, इमारत तापवायच्या भट्ट्या, सगळं.

हे मंडळाच्या वकिलाला कोर्टातल्या जुन्या वहीत सापडलं. केसलरसाहेब स्वतः गाडी घेऊन बर्फातून वर आले. आमच्याबरोबर घेवडा, मक्याचा पाव आणि ताक जेवले. जेवणाआधीची प्रार्थनाही त्यांनीच म्हटली, जरा लांबच. मग म्हणाले, की एल्वुडभाऊ, ज्याचा फायदा होणार त्याला त्या ठरावावर मत देता येत नाही, कायदा आहे. तुम्ही दोघं भावंडं हक्क सोडा, म्हणजे तुम्ही शाळेच्या बाजूनं मत द्यायला मोकळे. कागद त्यांच्याच कचेरीतून टाइप होऊन आला. मला यात वावगं वाटलं नाही. शाळेसाठी मत देता यावं म्हणूनच तर मी निवडून गेलो.

पण ही बातमी फोर्कभर कशी पसरली, कळत नाही. मेव्हिसनं मला तिकिटं देताना सगळ्यांदेखत विचारलं, की काय रे एल्वुड, मुलांना डोंगरापलीकडे पाठवून मैदानात सफरचंदं लावणार म्हणे? लोक हसले. रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरवताना पहिल्यांदाच मला जाणवलं, की लोक ताटाकडे न बघता माझ्या हाताकडे बघतात.

म्हणून सही कर. हे तोंड मला प्रभूसमोरही न्यायचं आहे.

एल्वुड


अ‍ॅक्रन
१ मार्च १९९३

ती. दादास सा. न. वि. वि.

आता माझा संशय तुझ्यावरून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला. तू दुष्ट नाहीस. भोळा आहेस, आणि ते जास्त महाग पडतं.

मी पाकिटाच्या पाठीवर तुमची मतं मांडली. शहरातले दोघं बंद करायच्या बाजूनं, ते हलणार नाहीत. तू आणि पलीकडच्या खोऱ्यातली ती सभासद बाई शाळेच्या बाजूनं. उरला होबार्ट टील. होबार्ट माझ्या वर्गात होता. वाकडा खिळा सापडला तर तो दगडावर ठोकून सरळ करायचा आणि डबीत ठेवायचा. शाळा बंद केली तर सभागृह आणि भट्ट्या मंडळाच्या हातून जाणार असतील, तर होबार्ट मेला तरी हो म्हणणार नाही. पण आपण दोघांनी हक्क सोडला, की भट्ट्या मंडळाच्या, जागा विकायला मोकळी आणि होबार्टही मोकळा. तू नाही म्हण, ती बाई नाही म्हणेल. दोन विरुद्ध तीन. शाळा गेली.

आणि हक्क ठेवून तू मतच दिलं नाहीस तर? चार उरले. दोन हो, दोन नाही. बरोबरीत ठराव पडतो, हे तूच मागे लिहिलं होतंस.

म्हणजे तुझ्या साहेबानं ताकाची वाटी पिऊन तुला एक मत दिलं आणि त्या बदल्यात आजोबांनी घातलेलं कुंपण मागितलं. जमीन काढून घ्यायला नव्हती ती अट, दादा. शाळेला हात लावणाऱ्याचा हात भाजावा म्हणून होती. आणि बातमी कशी पसरली म्हणून विचारतोस? चारचौघांत तुझं नाव खराब व्हायला लागलं, की तू धावत सही करशील, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच पसरवली असेल. तुला एकदा जेवताना बघितलं की कुणालाही कळतं.

रागावशील, पण विचारते. तुला शाळा हवी आहे की स्वच्छ नाव? दोन्ही मिळणार नाही. एकसष्ट मुलांपैकी एकही तुझ्या नावावर बसून डोंगर चढणार नाही.

कागद अजून डब्याखालीच आहे. तू सांगशील ते करीन. पण विचार करून सांग.

तुझी संशयी बहीण,
आर्डिथ


हॅडन शहर
२९ मार्च १९९३

चि. आर्डिथ हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी बत्तीस मैल खाली येऊन शहरातल्या पोस्टात टाकतो आहे. मेव्हिसच्या हातात जाऊ नये असं त्यात काही आहे.

तुझं पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आधी तुझा राग आला. मग गिरणीत एका करवतीला धार लावताना लक्षात आलं, की राग तू खोटं लिहिलंस म्हणून आलेला नाही. पाचव्या दिवशी केसलरसाहेबांकडे गेलो आणि एवढंच सांगितलं, की बहीण सही करत नाही. तोवर ते मला एल्वुडभाऊ म्हणत होते, तुझी तब्येत विचारत होते. त्या क्षणापासून मी ‘श्रीयुत हॅमरिक’ झालो. म्हणाले, मग लोक काय समजायचं ते समजतील. मला दुसरा पुरावा लागला नाही.

२५ तारखेला सभा आपल्याच शाळेच्या सभागृहात झाली. अख्खा फोर्क आला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की अटीप्रमाणे हा हक्क माझ्या घराण्याचा आहे, आम्ही तो सोडणार नाही, म्हणून मी मत देणार नाही. एवढंच. का, ते सांगता येत नव्हतं. आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. मागून कुणीतरी ओरडलं, की एल्वुड, रोपं बाहेर ट्रकमध्ये ठेवलीस का?

मग होबार्टनं वकिलाला एकच प्रश्न केला. शाळा बंद झाली तर त्या भट्ट्या कुणाच्या? वकील म्हणाला, हॅमरिक वारसांच्या. होबार्टनं चष्मा काढला, पुसला, घातला आणि नाही म्हणाला. दोन आणि दोन. ठराव पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, होबार्टला खांद्यावर घ्यायचं तेवढं राहिलं. माझ्याशी कुणी बोललं नाही. माझा लोभ होबार्टच्या कंजूसपणानं हाणून पाडला, असंच सगळे धरून चालले आहेत.

रविवारी मी दानाचं ताट पास्टरसाहेबांकडे परत केलं. बोलणं निवेपर्यंत दुसऱ्याला द्या म्हटलं. नको नको म्हणतील असं वाटलं होतं. फार लवकर घेतलं त्यांनी.

आता ज्यासाठी खाली आलो ते. लोकांवर मला रागावता येत नाही, कारण सभेच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेवरून चालत आलो. मैदान दक्षिणेला उतरतं, ऊन भरपूर, पाण्याचा निचरा चांगला. आणि माझ्या मनात आलं, की इथे सफरचंद काय छान होईल. रांगासुद्धा मोजल्या मी. सात. मग दचकलो. मेव्हिसनं माझ्यात जे पाहिलं ते अगदीच नव्हतं असं नाही.

म्हणून हे लिहून देतो. घंटा कधी थांबलीच, तर त्या दोन एकरांवर मी किंवा माझ्या मुलांनी एक झाड लावायचं नाही. जागा फोर्कच्या मुलांना खेळायला राहील. तू हे पत्र जपून ठेव आणि मी चुकलो तर सगळ्यांना दाखव. पण तोवर कुणाला दाखवू नकोस. ठराव पुढच्या वर्षी पुन्हा येणार, आणि आपण जागा ठेवून घेणार नाही असा वास केसलरसाहेबांना लागला, तर ते होबार्टला तेच पटवतील. मी लोभी आहे असं लोकांना वाटतं आहे, तोवर शाळा आहे.

तो सहीचा कागद चुलीत घाल.

इतकं वाचूनही भाऊ म्हणशील अशी आशा आहे.

एल्वुड


अ‍ॅक्रन
५ एप्रिल १९९३

ती. दादास सा. न. वि. वि.

कागद जाळला. लॉवेलला उभं करून त्याच्यासमोर जाळला, नाहीतर म्हणाला असता, खरंच जाळलास का.

तुझं पत्र मात्र पिठाच्या डब्याखाली ठेवलेलं नाही. कुठे ठेवलं ते तुलाही सांगणार नाही. तू मंडळावर आहेस आणि तुझा पुढेमागे काय विचार होईल, कुणी सांगावं.

खरं सांगू? आधी विचार केला, की इतकं सरळ वागतो आहे म्हणजे यात काहीतरी असणार. सफरचंदाच्या ओळीपर्यंत माझा तुझ्यावर विश्वास बसला नव्हता. ती ओळ तू लिहिली नसतीस, रांगा सात मोजल्या हे लिहिलं नसतंस, तर मी ते पत्र घेऊन स्वतः वकिलाकडे गेले असते. आता जात नाही.

मे महिन्याच्या शेवटी आईबाबांच्या थडग्यांवर फुलं घालायला आम्ही येतो आहोत. रविवारी तू चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसतोस? ताट नाही म्हणजे मागे बसत असशील. आता पुढे बस. मी शेजारी बसेन, हिरवी टोपी घालून, म्हणजे मेव्हिसला लांबून दिसेल. लोक म्हणतील, बघा, दोघं वारस जमीन मोजायला आले. म्हणू देत. तू नुसता मान खाली घालून बस. ते तुला छान जमतं.

आणि घड्याळ घेऊन जाणार आहे. अकरा मिनिटं मागे पडतं म्हणतोस, ते मी स्वतः तपासून बघेन.

वहिनीस नमस्कार. तू लोभ करत राहा, संशयाचं मी बघते.

आर्डिथ