घरमालकिणीला ओरखडाही नाही

१४ ऑक्टोबर

प्रिय गुंड्या,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. शाळेतून निवृत्त झालो, सकाळी भूमितीच्या दोन शिकवण्या घेतो. तुझी तब्येत कशी आहे?

सात वर्षांनी दादाचं पत्र बघून चमकला असशील. "माणसं कापायची आणि वर विनोद करायचे, लाज वाटते तुझी," असं मी तुला भर दारात सुनावलं होतं. तू लिहिलेला एकही सिनेमा न बघता.

आता बघितले, आठही. तुझ्या वहिनीला दर मंगळवारी उपचारासाठी पाच-सहा तास सलाइन लावून पडावं लागे. तिनेच हट्ट धरला, "भावजींचे सिनेमे लावा." मी नाक मुरडत फोन धरून बसलो. तो मुखवटेवाला कुऱ्हाड घेऊन आला की मी डोळे मिटायचो. मग ती कोपराने ढोसायची, "झालं, उघडा आता."

चौथ्या भागात तो घरमालकिणीच्या दारात येतो. ती त्याला नखशिखांत न्याहाळते आणि म्हणते, "चिखलाचे बूट बाहेर. आत्ताच फरशी पुसलीय." तो बिचारा वाकून नाड्या सोडत बसतो, आणि ही मागच्या दाराने पसार. वहिनी इतकी हसली की नर्स धावत आली.

"अहो, ही मी आहे. माझंच वाक्य ढापलंय भावजींनी."

पुढच्या प्रत्येक भागात ती घरमालकिणीचीच वाट बघायची. कॉलेजची पोरं मेली, पोलीस मेले, दोन दंतवैद्य मेले. मुखवटेवालाही दर वेळी मरून परत आला. तिला मात्र तू ओरखडासुद्धा येऊ दिला नाहीस. आठवा भाग संपला तेव्हा ती म्हणाली, "बघा, किती जीव आहे त्यांचा माझ्यावर."

तीस वर्षांच्या संसारात मी तिला एवढं हसवलं नव्हतं, गुंड्या. ते तू केलंस. त्याचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही.

आता टाळत होतो ते लिहितो. तीन सप्टेंबरला ती गेली. झोपेत, शांतपणे. त्याआधी दोनदा विचारलं तिने, "भावजींना कळवलंत का?" मी म्हणालो, त्याचं शूटिंग चालू आहे. खरं तर मी फोनच केला नव्हता. कुठल्या तोंडाने करू, याच विचारात दिवस हातचे गेले.

रागाव. पण इथे येऊन, समोर बसून रागाव. तुझी खोली ती दर रविवारी झाडायची. आता मी झाडतो.

तुझा ऋणी,
दादा