डोळे उघडायचं काम

७ जानेवारी १९७४

मिळालं काम! आपल्या विषयातलं! सर वर्गात रोज टुमणं लावतात — शिकता शिकताच आपल्या क्षेत्रात शिरा, हात बसेल. शिरलो. इथेच सोलापुरात, भवानी पेठेत हिंदुरावांच्या फोटो स्टुडिओत. काम काय? मेलेल्या माणसांचे डोळे उघडायचे!

खरंच. जिवंतपणी लोक फोटो काढत नाहीत. मेल्यावर फोटोवाल्याकडे धावतात. मग भिंतीवर लावायला मिटलेले डोळे चालत नाहीत! म्हणून फोटोवर बारीक ब्रशने उघडे डोळे रंगवायचे. यासाठी मी तीन वर्षं चित्रकला शिकतोय.

हिंदुराव म्हणाले, "काळा अन् पांढरा, दोनच रंग. डोकं लावायचं न्हाय." त्यांनी स्वतः ते कधी लावलेलं नाही, हे दुकानात पाय ठेवताच कळतं.

११ जानेवारी

पहिले डोळे पार बिघडले. कुंभारी गावचा कोणी म्हातारा होता, तो दचकल्यासारखा दिसायला लागला. हिंदुराव — "भूत बघितल्यागत करतोय की ह्यो!"

मुलगा फोटो न्यायला आला. मी तोंड लपवून बसलो. तर तो ढसाढसा रडायलाच लागला. "आबाच! आबाच बघतोय!" बाप जन्मभर समोर बसला होता, आणि याला बापाचे डोळे माहीत नाहीत. असल्या लोकांसाठी मी उगाच घाम गाळत होतो.

१९ जानेवारी

युक्ती सापडली. दुकानात गिऱ्हाइकांना भांग पाडायला आरसा आहे. त्यात बघून माझेच डोळे काढतो. बाप्या असो, बाई असो. म्हातारं असेल तर खाली दोन सुरकुत्या जास्त.

चेहरा मध्ये मध्ये येतो म्हणून पुठ्ठ्याला खिडकी कापली. फोटोवर पुठ्ठा ठेवला की फक्त दोन पापण्या दिसतात. कोण, कुठला, बघायची गरजच नाही! ढीग दुपारच्या आत संपतो. अर्ध्या सोलापूरच्या भिंतींवरून आता मी बघतोय आणि एकाही गाढवाला पत्ता नाही.

२७ जानेवारी

बाजारात गावचा बिरप्पा भेटला. चन्नम्मा आत्याचा निरोप — "पोरगं माजं चित्र काढतो म्हनलंय. कवा येतो इचार. मी हाय तवर काढ म्हनावं."

आई गेल्यावर मला वाढवलं ते या आत्याने, अप्पांच्या बहिणीने. मी कोळशाने भिंती रंगवल्या, अप्पा छडी घेऊन धावले, तेव्हा हीच आडवी आली होती. "काढू दे की! भिंत काय रडतीया व्हय?" चित्र काढायचं कबूल केलंय खरं. तैलरंगात, उंबऱ्यावर बसवून. पण ती घडीभर तरी गप्प बसेल का! शिवाय तिला चित्रातलं कळतं काय? कॅलेंडरवरची लक्ष्मी म्हणजे तिच्या लेखी सर्वोत्तम.

परीक्षेनंतर येतो म्हणून सांगितलं.

५ फेब्रुवारी

वसतिगृह सोडलं. तिथली टोळकी, तिथलं पिठलं, तिथला रेक्टर — एकूण एक भिकार! स्टुडिओच्या माळ्यावर झोपतो. घरी कळवायचं राहिलंय. कळवू.

१४ फेब्रुवारी

सर आज पासपोर्ट फोटो काढायला आले. वाळत घातलेले माझे मयत न्याहाळत बराच वेळ उभे. म्हणाले, "छान! पण सगळे एकमेकांचे नातेवाईक वाटतात." आणि चष्मा पुसून निघून गेले. हे आमचे गुरू!

२१ फेब्रुवारी

चन्नवीर फोटोवाल्याचं पाकीट अक्कलकोटच्या एसटीने आलं. तिकडच्या खेड्यांतले फोटो तो असेच पाठवतो. आमच्यात मयत बसवूनच नेतात, त्यामुळे फोटो सरळ येतात. कपाळभर विभूती, हनुवटीपर्यंत हार, बाकी चेहरा उरतोच किती.

"तुज्याच भागातलं हाय, बघ तरी कोन कोन हाय," हिंदुराव म्हणाले. बघून काय करू? त्या माळरानावर माणसं मरण्यापलीकडे करतात काय? पुठ्ठा ठेवला आणि भराभर उघडत गेलो. संध्याकाळच्या गाडीने पाकीट परत.

२८ फेब्रुवारी

आज काहीच काम नाही. आत्याच्या चित्रासाठी कॅनव्हास ताणून ठेवला. चांगला जमलाय.

४ मार्च

अप्पा आले. वसतिगृहातून विचारत विचारत दुकानात. टक्कल केलेलं.

"तार केलती तुला. मिळाली न्हाय व्हय? माती दिल्यावरबी तीन दिस तुजी वाट बघितली की रं."

मग पिशवीतून फोटो काढला. काच बसवून हवी होती. कपाळावर विभूती, गळ्यात हार, आणि चन्नम्मा आत्या माझ्याकडे बघत होती. माझ्याच डोळ्यांनी.

हिंदुरावांनी मोठ्या कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. अप्पांनी माझा हात धरला. "तरीच! दुसऱ्याला जमलंच नसतं. हुबेहूब तिचेच डोळे हायत. तुजेबी तिच्यावरच गेलेत, ल्हान हुतास तवापासनं समदी म्हनायची." आणि रडायला लागले.

मी काच कापायला घेतली. त्यांना काय सांगू? मी तिला बघितलंसुद्धा नव्हतं.