गेममधला म्हसोबा

माण, रविवार संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. महिनाभर खपून मी गेममधल्या शहरात आमचं विकलेलं रान उभं केलं होतं. भाताची खाचरं, बांध, बांधावरचा म्हसोबा. गेममध्ये म्हसोबा कुठला मिळायचा? बागेतला दगड घेऊन शेंदरी रंगवला. आज दादानं माझा फोन घेतला आणि सगळं पुसून टॉवर लावले. म्हसोबाच्या जागी कारंजं! वर म्हणतो, "लई भकास दिसत हुतं गं. गेमच हाय, एवढं काय त्यात?"

एवढं काय? खऱ्या बिल्डरनंसुद्धा म्हसोबाला हात लावला नाही. पार्किंगमध्ये का होईना, ठेवलाय. अमावस्येला नारळ फोडतो.

रान विकताना दादानं मला विचारलं नव्हतंच. पण तेव्हा निदान माझी सही तरी घेतली होती.