बापलेकीची डुलती चाल

मी, घड्याळं दुरुस्त करणारा, वय वर्षे सत्तेचाळीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवतो. शुद्धीत म्हणजे दारू न पिता, हेही त्यात आलं. सही वाकडीतिकडी येईल, पण जन्मात मी दारूचा थेंब घेतलेला नाही. मला मेंदूचा आजार आहे. हातपाय मनाला येईल तसे हलतात, चाल डळमळते, जीभ अडखळते, आणि पुढे बुद्धीही जाणार आहे. ती आहे तोवर हे उरकतो. टंकलेखकांनी मी सांगेन तेच टंकावं, मध्ये शहाणपण करू नये.

१. दुकान व मागची राहती खोली, दोन्ही स्वकष्टार्जित, माझी एकुलती एक मुलगी हिला मिळावी. तिला सगळे खारू म्हणतात. तिची आई हयात नाही. खारू सज्ञान होईपर्यंत तिचा व मिळकतीचा सांभाळ तिच्या मावशीने करावा. माझ्या धाकट्या भावाने करू नये. तो मागायला येईल, दुकान मोक्याचं आहे.

२. कारण नोंदवून ठेवतो. हा आजार आमच्या आईला होता. तो रक्तातून येतो. लेकरांना येईलच असं नाही, पण येऊ शकतो. मला झाला तेव्हा भावाने बाजारभर सांगितलं की मी पितो. जाब विचारला तर म्हणाला, "दादा, दारुड्याची पुतणी खपून जाते. ह्या आजाराचं नाव निघालं तर आपल्या पोरींकडे कुणी ढुंकून बघायचं नाही." त्यालाही दोन मुली आहेत, त्याची भीती मला कळते. पण त्याच्या त्या थापेमुळे शाळेत माझ्या मुलीच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. मावशीने शाळेत जाऊन बाईंना आजाराचं खरं नाव सांगितलं. म्हणून मावशी.

भावाला आईचं भिंतीवरचं घड्याळ द्यावं. ते बघून त्याला आई आठवावी. ती पीत नव्हती.

३. माझे चिमटे, भिंग व बाकी हत्यारं शेजारच्या चष्मेवाल्याला. लोक मला बघून रस्ता ओलांडायचे, तेव्हा हा माझ्यासाठी बाहेर खुर्ची टाकायचा. खारूला हत्यारं मुद्दाम देत नाही. ती हातात धरून, हात थरथरतो का, हेच रोज तपासत बसेल.

४. रक्ताची तपासणी करायची की नाही, हे खारूने मोठेपणी स्वतः ठरवावं. लग्नासाठी म्हणून कुणी तिच्या मागे लागू नये. माझा आजार मात्र कुणापासून लपवू नये.

५. टंकलेखक म्हणतात, हे कलमात बसत नाही. बसवा.

गेल्या वर्षी दुकानात बसलो होतो. समोरून खारू शाळेतून येताना दिसली. पाय फेकत, डुलत, हुबेहूब माझ्यासारखी. हातातलं घड्याळ पडलं. आला, हिलाही आला! उठून धावायला गेलो आणि तोंडावर आपटलो. ती सरळ पळत आली.

"अगं, तुझे पाय!"

"काही नाही झालं बाबा, सराव करत होते. आता बाजारात तुझ्याबरोबर अशीच चालणार. दोघं डुललो की कुणाला हसायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

मी तिला वाट्टेल ते बोललो आणि मग तिच्यासमोरच ढसाढसा रडलो. ऐकेल ती कसली! माझं बाहेर जाणं बंद होईपर्यंत आम्ही तसेच चाललो. लोक म्हणाले, बापाने पोरीलाही पाजली. ती मोठ्याने हसायची. घरी येऊन मात्र बराच वेळ तोंड धूत राहायची.

६. मला शेवटचं नेतील तेव्हा खारू मागून चालेल. तिने ताठ चालावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण डुलत चालली, तर कुणी तिला धरून सरळ करू नये.

सही: (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार: १. माझे डॉक्टर २. टंकलेखक

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: नऊ जानेवारी

ता. क. सही करताना कागद हलू नये म्हणून खारूला आत बोलावलं. तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. वारस असल्याने तिचं नाव साक्षीदारांत घेता येत नाही. बघायचं नाही ठरवलं होतं, तरी मी बघितलं. तिचे हात स्थिर होते.